हजेरीतलं नाव

“मॅडम, हात दाखवू का जीभ?”

मालन मावशीनं असं विचारलं आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या सगळ्या सिस्टर मास्कच्या आत खुसुखुसु हसल्या. मी हातमोजे घालून, नळ्यांचा ट्रे घेऊन उभी होते. ओल्या कापसाच्या काडीनं प्रत्येकीचे तळहात, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा पुसून घ्यायच्या, म्हणजे तिथं कोणते जंतू आहेत ते प्रयोगशाळेत कळतं. सकाळपासून सोळा जणींना हे समजावून माझा घसा बसला होता.

“हात,” मी म्हटलं. “आणि गप्प बसून.”

“गप्प कसं वं? हात पुढं केला की जोतिषाला दोन गोष्टी इचारायला नगं?” तिनं दोन्ही तळवे उलगडले. साबण आणि गरम पाण्यानं पांढरट पडलेले, चिरा गेलेले हात होते. “बगा, परदेशवारी हाय का न्हाई.”

“आधी जंतू बघते. मग परदेश.”

“जंतू घावला तर मला बी दाखवा. कवा बघितला न्हाई मी.”

मालन सुतार तेव्हा पन्नाशीत होती. विभागात सगळे तिला मावशी म्हणत, डॉक्टरसुद्धा. मी पुण्याहून कोल्हापूरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून आले, त्याला दोन वर्षं झाली होती. ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणणाऱ्या बायकांची सवय व्हायला मला त्यातले सहा महिने लागले. रोज सकाळी मावशी त्या इवल्या बाळांना वाटी-चमच्यानं दूध पाजायची. आया दूध काढून स्टीलच्या वाटीत आणून द्यायच्या. ती वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून मावशी दुधाचा गारठा घालवायची आणि मग मांडीवर बाळ घेऊन थेंब थेंब पाजायची.

थट्टा चालली होती खरी, पण त्या आठवड्यात विभागात कुणाचंच चित्त ठिकाणावर नव्हतं. पाच आठवड्यांत नऊ बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला होता. तिघं गेली होती. तो कुठून येतोय हे शोधायचं काम माझं होतं, आणि ते मी लवकर केलं नाही तर दहावं बाळ कोण, एवढाच प्रश्न उरला होता.

माझ्याकडे त्या वर्षी एक नवं यंत्र आलं होतं. दिसायला मुठीएवढं. लॅपटॉपला जोडलं की जंतूची सबंध जनुकीय लिपी एका दिवसात वाचून काढायचं. जंतू एकाचे दोन होताना नक्कल करण्यात बारीकसारीक चुका करतात. त्या चुका जुळवल्या की कुठल्या बाळाचा जंतू कुठल्या बाळाच्या जंतूचा वंशज आहे ते कळतं. पुढचं काम संगणकाचं. हजारो जुन्या साथींवर शिकलेला एक प्रोग्राम होता. त्याला जंतूंची वंशावळ द्यायची, कुठलं बाळ कुठल्या खाटेवर होतं, कुठली उपकरणं वापरली, कुणाची कधी ड्यूटी होती ते सगळं भरायचं. मग तो दोन गोष्टी सांगायचा: या जंतूवर कुठलं औषध चालेल, आणि हा पसरतोय कशातून.

पहिल्या गोष्टीत त्यानं आमची तोंडं बंद केली होती. सात नंबरच्या बाळाला त्यानं एक जुनं, कपाटात धूळ खात पडलेलं औषध सुचवलं. बालरोग विभागाचे प्रमुख डॉ. शिरगुप्पे कुरकुरले, पण त्यांनी ते दिलं. तिसऱ्या दिवशी सात नंबर रडायला लागलं. इतक्या मोठ्यानं की सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी त्या प्रोग्रामवर डोळे मिटून विश्वास टाकायला लागले. कुणी शंका काढली की मला राग यायचा.

चार नंबरच्या खाटेवर शैलजा मगदूमची मुलगी होती. कागलजवळच्या खेड्यातली शैलजा लग्नानंतर अकरा वर्षांनी आई झाली होती, तीही दहा आठवडे आधीच. मुलीचं वजन एक किलो पन्नास ग्रॅम. शैलजा दर तीन तासांनी दूध काढायची, वाटी स्वतःच्या हातानं तीनदा धुऊन त्यात आणायची आणि खिडकीशी उभी राहायची. बाळ जरा कुरकुरलं की अख्खा विभाग धावायचा, म्हणून मावशीनं तिचं नाव ठेवलं होतं ‘आमदारीणबाई’.

“आमदारीणबाईंनी आज आठ मिली घेतलं,” मावशी काचेतून ओरडायची. “उद्या मोर्चा काढत्यात बगा!”

शैलजा हसायची. त्या विभागात हसणारी ती एकटीच आई होती. चार नंबरला अजून लागण झाली नव्हती.

नमुने घेतल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी निकाल पडद्यावर आला. नऊ फांद्यांची वंशावळ आणि तिच्याखाली साथीच्या दुव्यांची यादी. पहिली ओळ होती: मालन सुतार, सकाळपाळी, एक्क्याण्णव टक्के.

मी दोनदा वाचलं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या आधी मला आनंद झाला होता. सापडलं म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी बैठक झाली.

“हातांचा नमुना?” डॉ. शिरगुप्प्यांनी विचारलं.

“स्वच्छ आहे. पण हात धुतल्यावर तो स्वच्छच येणार, सर.”

“भांडीबिंडी?”

“तीही स्वच्छ. नळ, काचेच्या पेट्या, दुधाचं पातेलं, सगळं बुधवारी तपासलंय.”

“मग मालनच का? अहो, वीस वर्षं आहे ती.”

“नऊच्या नऊ लागणींच्या दिवशी हजेरीपुस्तकात असलेलं एकच नाव आहे. सिस्टरांच्या पाळ्या बदलतात, हिची बदलत नाही. आणि सगळ्या बाळांना हात लावणारी तीच.”

“तुमचं मशीन चुकत नाही?”

“सात नंबरला चुकलं का, सर?”

त्यांनी मालनला धुलाईघरात हलवायला होकार दिला. मला तेव्हा ते उत्तर फार बिनतोड वाटलं होतं.

मावशीला सांगायचं काम मीच मागून घेतलं. निदान गोड शब्दांत सांगेन, असं मला वाटलं. जिन्याजवळ ती आणि छबूताई, दुपारपाळीची मावशी, चहा पीत बसल्या होत्या. तुम्हाला थोडे दिवस धुलाईघरात काम करावं लागेल, असं मी म्हटलं. कारण सांगितलं. तुमचा दोष नाही, कुणाच्याही अंगावर जंतू राहू शकतो, हेही सांगितलं.

मावशीनं कप खाली ठेवला. “कुठल्या कुठल्या दिवशी झालं म्हंता?”

मी कागदावरच्या तारखा वाचल्या. एक, दोन, तीन करत नऊ. ती ऐकत होती. छबूताईच्या हातातला कप हलला आणि चहा तिच्या साडीवर सांडला. मावशीनं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बरं. मी व्हतो म्हणून झालं म्हंता, तर जातो की.”

“रागावू नका, मावशी.”

“राग कशाचा? लेकरं ऱ्हायली पायजेत. आमदारीणबाईला जरा सावकाश पाजाय सांगा. घाई केली की ठसका लागतोय. आन् त्ये दुधाचं—”

“मावशी, पुढचं आम्ही बघतो.”

मी तिला बोलू दिलं नाही. मला तिथून लवकर निघायचं होतं.

त्याच दिवशी विभागाचा कोपरान् कोपरा धुऊन काढला, भांडी नवीन आणली. आठ दिवस एकही नवी लागण झाली नाही. डॉ. शिरगुप्प्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मुंबईच्या एका परिषदेत हे सगळं मांडायचं ठरलं आणि मी त्याची तयारी करायला घेतली. कुजबूज विभागाबाहेर गेलीच होती. आयांना कळलं होतं की एका मावशीच्या हातानं बाळं गेली. शैलजानं मला गाठून विचारलं, “खरं काय, मॅडम? तीच व्हती?” मी म्हटलं, “आता काळजी करू नका.” म्हणजे मी हो म्हटलं.

नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी, चार नंबरनं दूध घेतलं नाही. दुपारपर्यंत अंग थंड पडलं. मंगळवारी रात्री रक्तातला जंतू यंत्रानं वाचला. तोच होता. प्रोग्रामनं सांगितलेलं औषध तर सोमवारीच सुरू केलेलं होतं.

बुधवारी मी विभागात गेले तेव्हा शैलजा काचेशी उभी होती. तिनं माझा दंड धरला.

“ती आली व्हती, मॅडम. गेल्या आठवड्यात. मी बघितलं. हितंच, काचंला नाक लावून उभी व्हती.”

माझं डोकं फिरलं. मनाई असताना ही बाई इथं आली! मी तरातरा जिना उतरले. शैलजा माझ्या मागे येतेय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

धुलाईघरात वाफ कोंदली होती. मावशी चादरींच्या घड्या घालत होती, छबूताई तिला टोक धरून मदत करत होती.

“मावशी, तुम्ही वर आला होता?”

“आलो व्हतो. भाइरनंच बघितलं. आमदारीण—”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत शैलजा माझ्या बाजूनं पुढं झाली. “काय लावलंस गं माझ्या लेकीला?” ती किंचाळली. “अकरा वर्सं! अकरा वर्सं वाट बघितली मी! तुजं काय वाईट केलं व्हतं तिनं?” तिनं मावशीच्या हातांवर, छातीवर, दिसेल तिथं मारायला सुरुवात केली. मावशी हलली नाही. तिनं चादरही सोडली नाही. मार खाताना ती एवढंच म्हणत होती, “आजारी पडली व्हय? आमदारीण आजारी पडली?”

धुलाईघरातल्या दोन बायकांनी शैलजाला धरून बाहेर नेलं. छबूताईनं दार लावलं आणि दाराला पाठ लावून ती रडायला लागली.

“मॅडम, मालन नव्हती.”

“छबू, गप,” मावशी म्हणाली.

“न्हाई गप बसत. मार खाल्लास तू. मॅडम, तुमी वाचलेल्या तारखांस्नी मालन कामावर नव्हतीच. तिच्या मालकाचं किडनीचं हाय. मंगळवारी आन् शुक्रवारी त्येचं रगत धुवायला सरकारी दवाखान्यात घेऊन जाती ती. त्या दिवशी सकाळचं काम मी करतो आन् सही तिच्या नावाची टाकतो. रविवारी ती माझी टाकती. आमी दोगी कंत्राटी. खाडा झाला की घरी, आन् दुसरीची सही घावली की दोगी बी घरी. म्हणून ती बोलली न्हाई. माझ्यापायी.”

मी खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं. पहिली तारीख मंगळवार. दुसरी शुक्रवार. तिसरी शुक्रवार. मंगळवार. पुढचं मोजायची गरज नव्हती, तरी मी नऊ मोजले.

शिकत असताना सकाळच्या तासाला माझी सही माझी मैत्रीण टाकायची, तिची मी. आमच्या वर्गात कुणाची सही खरी नव्हती. आणि तरी हजेरीपुस्तकातली नावं संगणकात भरताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की विचारावं. रुग्णालयातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच, संगणकाला आणि मला.

“छबूताई,” मी म्हटलं, “त्या दोन दिवशी दूध कसं कोमट करता?”

“पातेल्यात, वं. मालन करती तसंच.”

“पाणी कधी बदलता?”

ती गोंधळली. “बदलायचं कशाला? गार झालं की वरनं गरम वततो.”

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! मी दर खेपंला पातेलं घासून उकळतो गं! पाणी शिळं झालं की बुळबुळतंय.” आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, “त्येच सांगत व्हतो मी, त्या दिवशी.”

नमुने घेतले त्या बुधवारी मी पातेलं तपासलं होतं. बुधवारी, मावशीनं घासून उकळल्यावर.

मी वर धावले. पातेलं हीटरशेजारी होतं, त्यात चार वाट्या तरंगत होत्या. अकराव्या दिवसाचं पाणी. विभागात आता ते रोजच छबूताईच्या पद्धतीनं वापरलं जात होतं, कारण उकळणाऱ्या बाईला मी खाली पाठवलं होतं. मी नमुना घेतला, पातेलं उचललं आणि सगळ्यांसमोर ओतून दिलं. कुणालाच काही कळेना.

गुरुवारी दुपारी पाण्यातल्या जंतूची लिपी वाचून झाली. चार नंबरच्या जंतूशी ती तंतोतंत जुळली. मग मी दारं लावून हजेरी दुरुस्त केली. मंगळवार-शुक्रवारी मालनच्या जागी छबू, पातेलं उकळलं की नाही याचा वेगळा रकाना. प्रोग्राम पुन्हा चालवला. चार मिनिटं लागली. पहिल्या ओळीत पातेलं होतं. मालन सुतारचं नाव शोधत मी यादीच्या तळाशी गेले. तिच्या आकड्याच्या आधी वजाची खूण होती. ती हजर असली की लागण कमी होते, असा त्याचा अर्थ. आमच्या विभागात तशी खूण एकाच नावापुढे होती.

तेवढ्यात फोन वाजला. डॉ. शिरगुप्पे होते. “हेमांगी, चार नंबर गेलं,” ते म्हणाले. सव्वाचार वाजले होते.

मी उठले ती धुलाईघरात गेले. मावशी एकटीच होती. माझा चेहरा बघून तिला कळलं. तिनं चादरींच्या ढिगावर बूड टेकलं आणि पदर तोंडात धरून ती रडली. मी तिच्या पायाशी बसले आणि मीही रडले. मला माफ करा, असं मी म्हटलं. ते शब्द इतके लहान निघाले की मला माझीच लाज वाटली.

“मी आत्ताच शैलजाला जाऊन सगळं सांगते,” मी म्हटलं. “तुमचा काही संबंध नव्हता, तुम्ही असता तर बाळ जगलं असतं, हे तिला कळलं पाहिजे.”

“कसं गेलं म्हणून सांगशीला?”

मावशी पहिल्यांदाच माझ्याशी अशा आवाजात बोलली.

“पाण्यातून. पातेल्यातल्या पाण्यातून वाटीच्या काठावर आणि तिथून...”

“दुधात,” मावशी म्हणाली. “तिच्या दुधात.”

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“चाळीस दिस दूध काढलं तिनं. थेंब थेंब. वाटी तीनतीनदा धुवायची, मी बघत व्हतो की. आता तिला सांगशीला की पोरगी दुधातनं गेली? तुमी पातेलं म्हणशीला, पाणी म्हणशीला. ती फकस्त दूध ऐकंल. छातीला अजून पान्हा हाय तिच्या, मॅडम. जलमभर सोताला खाईल ती.” तिनं नाक पुसलं. “माज्या हातानं गेली म्हणू दे. मला सोसंल.”

“मावशी, हे खोटं आहे.”

“असू दे. कुणावर तरी राग धराय लागतोय माणसाला.”

मी सांगितलं नाही. मावशीच्या शब्दाखातर नाही सांगितलं, असं मी अनेक वर्षं स्वतःला समजावत आले. पण त्यात माझीही सोय होती. विश्वस्तांची होती, डॉ. शिरगुप्प्यांची होती. अहवालात मी लिहिलं: ‘हजेरीच्या नोंदींत तफावत आढळली. दूध कोमट करण्याची पद्धत बदलण्यात आली.’ छबूताईची नोकरी वाचवली, तेवढं एक डॉ. शिरगुप्प्यांकडून मी भांडून घेतलं. पातेल्याऐवजी कोरड्या उष्णतेचं यंत्र आलं. त्यानंतर तो जंतू आमच्या विभागात पुन्हा दिसला नाही. मावशीला मी वर बोलावलं, दोनदा, तीनदा. ती आली नाही. “कुटली आई आता माज्या मांडीवर लेकरू दील?” ती म्हणायची. मालक वारले तरी ती धुलाईघरातच राहिली.

पाच वर्षांनी एका सकाळी मी बाह्यरुग्ण विभागातून जात होते आणि कुणीतरी हाक मारली. शैलजा होती. अंगानं भरली होती. तिच्या बोटाला धरून तीन वर्षांचा एक मुलगा चप्पल उलटी घालून उभा होता. लसीसाठी आणलं होतं, म्हणाली. पूर्ण दिवसांचा झाला, तीन किलोचा. अंगावरच्या दुधावर वाढला, दोन वर्षं. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

खिडकीच्या पलीकडे, अंगणात, मालन मावशी तारेवर चादरी वाळत घालत होती. पाठमोरी होती. शैलजाचं तिकडे लक्ष नव्हतं.

“मॅडम,” तिनं आवाज खाली आणला, “त्या बाईचं काय झालं वं पुढं?”

“काढलं तिला,” मी म्हटलं.

“बरं झालं,” शैलजा म्हणाली. तिनं मुलाला उचलून कडेवर घेतलं, त्याच्या केसांवरून हात फिरवला. “देव बघत असतोय.”

मी मान डोलावली.